'जुन्या गाडीचा काटा असाच असतो' म्हणणाऱ्यांना उत्तर

पिकअपचा इंधनाचा काटा बिघडला की नवी मुंबईत कोणालाही विचारा, सल्ला ठरलेला असतो: "जुन्या गाडीचा काटा असाच असतो. टाकी भरून ठेवायची, किलोमीटर मोजायचे आणि गाडी चालवायची." मालक हे सांगतो, तुर्भ्याच्या बाजारात शेजारी गाडी लावणारा सांगतो, पुष्कळदा गॅरेजवालाही सांगतो. इतक्या तोंडांतून ऐकल्यावर ते अनुभवाचे बोल वाटू लागतात. या सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध आहे. तो हिशेबात चुकतो, यंत्राच्या बाबतीत चुकतो, आणि ज्याच्या हाती दुरुस्तीचा निर्णय नसतो, नेमकी त्यालाच त्याची किंमत मोजावी लागते.

आधी किलोमीटरचा हिशेब घेऊ. "गाडी लिटरला बारा देते, वीस लिटर टाकले, म्हणजे दोनशे चाळीस किलोमीटर बघायला नको." हा बाराचा आकडा सरासरीचा आहे. ओतूर-नारायणगावकडून भाजीची पोती भरून माळशेज घाट उतरणारी गाडी आणि बाजार आटोपून रिकाम्या हौद्याने तोच घाट चढणारी गाडी यांचे डिझेल एका मापाने जळत नाही. कळंबोली सर्कलला किंवा शीळफाट्याला तासभर अडकलेल्या गाडीचे किलोमीटर जागच्या जागी राहतात, डिझेल मात्र कमी होत जाते. बाजार समितीच्या फाटकाबाहेरच्या रांगेत इंजिन चालू ठेवून पुढे सरकताना तेच होते. टायरमध्ये हवा कमी असली, एअर फिल्टर तुंबला, क्लच घसरू लागला, की ॲव्हरेज पडते. जुन्या गाडीत हे सारे हळूहळू होत असल्यामुळे मागच्या वर्षी काढलेले ॲव्हरेज यंदा लागू पडत नाही. त्यात अशा गाड्यांच्या स्पीडोमीटरची केबल तुटलेली असली, तर किलोमीटरचे आकडेही थांबलेले असतात. एक बिघडलेले साधन सोडून तितक्याच जुन्या दुसऱ्या साधनावर विसंबायला सांगणे, याला तोडगा म्हणता येणार नाही.

दुसरा सल्ला टाकी सदैव भरलेली ठेवण्याचा. त्यात एक गोष्ट खरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. भरलेल्या टाकीत मोकळी जागा कमी उरते, त्यामुळे दमट हवेतले पाणी आतल्या पत्र्यावर धरण्याचे प्रमाण घटते. खाडीकाठच्या हवेत हा फायदा लहान नाही. ज्याला परवडते त्याने टाकी जरूर भरून ठेवावी. पण हा सल्ला कोणाला दिला जातो ते पाहा. पिकअपची टाकी साधारण ५० ते ६० लिटरची. डिझेल ९० रुपये लिटर धरले तरी ५० लिटरला ४,५०० रुपये लागतात. आजच्या भाड्यातून पाचशेचे डिझेल टाकून उद्याची फेरी गाठणाऱ्याजवळ एवढे पैसे टाकीत अडकवायला नसतात. शिवाय भरलेली टाकी गळू लागली, किंवा रात्री उभ्या गाडीतून कोणी डिझेल काढून नेले, तर ते कळणार कशावरून? काट्यावरूनच. म्हणजे काट्याच्या जागी जो उपाय सुचवला जातो, त्यालाही काट्याची गरज आहेच.

"डिझेल संपले तर संपले, डबा घेऊन पंपावर जायचे," असे कोणी म्हणेल. गाडी कुठे बंद पडेल हे जणू आपल्याला निवडता येते! सायन-पनवेल महामार्गावर उड्डाणपुलाच्या चढाला, उरणकडे जाणाऱ्या कंटेनरांच्या रस्त्यावर, पावसाळ्यातल्या पहाटे, मागचा दिवा मंद असलेली पिकअप मधल्या लेनमध्ये उभी राहिली, तर मागून येणाऱ्या ट्रेलरला ती किती अंतरावरून दिसेल? १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू २१.८ किलोमीटरचा आहे आणि त्यातला सुमारे १६.५ किलोमीटरचा भाग समुद्रावर आहे. तिथे थांबायला मनाई आहे, वाटेत पंप नाही आणि डबा घेऊन चालत जाण्याचा तर विचारही करता येत नाही. अशा पुलावर गाडी चढवायची की नाही, हे ठरवणाऱ्या माणसासमोर खरे बोलणारा काटा असायला हवा.

डिझेल इंजिनाची आणखी एक अडचण आहे. पेट्रोल संपलेल्या गाडीत पेट्रोल ओतले की ती बहुधा चालू होते. डिझेलची टाकी कोरडी पडली की नळ्यांत हवा शिरते. मग फिल्टरजवळचा हँडपंप मारून, नट सैल करून ती हवा काढावी लागते. अंधारात, रहदारीच्या कडेला, एकट्या माणसाने. कॉमन रेल इंजिन असेल तर धोका आणखी वाढतो, कारण त्यातल्या उच्च दाबाच्या पंपाला वंगण मिळते ते डिझेलचेच. पंप कोरडा फिरला तर झिजतो, आणि त्या पंपाच्या खर्चात काट्याला पातळी कळवणारा टाकीतला फ्लोट कितीतरी वेळा बदलून झाला असता.

या सगळ्यापेक्षा मला जास्त खटकणारी गोष्ट यंत्राबाहेरची आहे. पगारावर गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरची गाडी वाटेत बंद पडली, की बोलणी तो खातो. कोथिंबीर-मेथी उतरायला उशीर झाला आणि भाव पडला, की पगार त्याचा कापला जातो. डिझेलचा हिशेब जुळला नाही, की संशयही त्याच्यावरच. काटा चालू असता तर सकाळी किती होते आणि रात्री किती उरले हे मालकाने आणि ड्रायव्हरने मिळून पाहिले असते. काटा बंद असला की चोर सुटतो आणि प्रामाणिक माणसाला स्वतःचा प्रामाणिकपणा सिद्ध करता येत नाही. 'चालायचंच' म्हणणाऱ्या मालकाने हे लक्षात घ्यावे, की त्याच्या दोन पैशांच्या बचतीसाठी दुसऱ्याची अब्रू पणाला लागते.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांकडे वळतो. हे काट्याकडे दुर्लक्ष करत नाहीत, उलट फार घाई करतात. गाडी दारात येताच निदान तयार असते: "फ्लोट गेला, टाकी उतरवावी लागेल." फ्लोट बदलूनही काटा हलला नाही तर "मीटर गेला." मीटर बदलूनही हलला नाही तर "वायरिंगच करावे लागेल." प्रत्येक पायरीला पैसे गिऱ्हाईकाचे जातात, आणि शेवटी टाकीच्या बोल्टाखालचा गंज घासल्यावर काटा चालू होतो. मालक काट्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो तो अशा अनुभवांमुळेच. अंदाजाने सुटे भाग बदलणाऱ्यांनी 'काटा असाच असतो' म्हणणाऱ्यांच्या हाती कोलीत दिले आहे. म्हणून या सवयीलाही माझा तितकाच विरोध आहे.

खरे तर गाडीतल्या विजेच्या दोषांत इतका सरळ शोधता येणारा दोष दुसरा क्वचितच असेल. यंत्रणा केवढी आहे पाहा. टाकीत एक फ्लोट तरंगतो. तो एका दांडीला जोडलेला असतो. दांडी वर-खाली झाली की तिच्या टोकाचा स्पर्शबिंदू रेझिस्टन्सच्या पट्टीवर सरकतो आणि विजेला होणारा अडथळा कमी-जास्त होतो. तिथून एक तार डॅशबोर्डच्या मीटरपर्यंत जाते. मीटरला इग्निशनमधून, फ्यूजमार्गे वीज मिळते. टाकीकडचा भाग आणि मीटर, दोघांना चांगले अर्थिंग लागते. संपली यंत्रणा. फ्लोट, तार, मीटर, पुरवठा, अर्थिंग या पाचांपैकी दोषी कोण, हे काही न उतरवता शोधता येते.

पहिली पायरी नुसती पाहण्याची. इंधनाच्या काट्याबरोबर तापमानाचा काटाही मेला किंवा भलतेच दाखवू लागला असेल, तर टाकीकडे जाऊच नये. दोष दोघांच्या सामाईक भागात आहे: फ्यूज, मीटरचे अर्थिंग किंवा जुन्या मीटरच्या आत असणारा व्होल्टेज स्टॅबिलायझर. हेडलाइट लावल्यावर किंवा इंडिकेटर देताना त्याच तालावर काटा उड्या मारत असेल, तर अर्थिंग सैल आहे असेच समजावे. पिकअपमध्ये हे फार घडते, कारण नंतर बसवलेला टेप, जादा दिवे आणि रिव्हर्सचा भोंगा यांच्या तारा कोणीतरी मीटरच्याच अर्थिंगच्या बोल्टला पिळून दिलेल्या असतात. घाटाच्या चढावर काटा सरकतो, तो मात्र दोष नाही. टाकीतले डिझेल एका बाजूला जाते इतकेच. सपाट जागी दोन मिनिटे थांबूनही काटा चुकीचा राहिला, तरच त्याला दोष म्हणावे.

दुसरी पायरी अर्थिंगची, आणि नवी मुंबईत सर्वांत आधी इथेच पाहावे. एका बाजूला खाडीची खारी हवा, दुसऱ्या बाजूला ठाणे-बेलापूर पट्ट्यातले आणि तळोज्याचे रासायनिक कारखाने, वर चार महिन्यांचा पाऊस आणि तुंबलेले रस्ते. हौद्याखाली टांगलेल्या टाकीच्या कप्लरला हिरवा-पांढरा थर धरतो, बोल्टाखाली गंज बसतो. टाकीच्या अर्थिंगच्या टोकापासून चासीच्या घासून स्वच्छ केलेल्या जागेपर्यंत एक तात्पुरती तार लावावी. काटा ताबडतोब खरे दाखवू लागला, तर काम झाले. घासकागद, एक नवी लग, वर थोडे ग्रीस. एवढ्यासाठी टाकी उतरवणारा कारागीर गिऱ्हाइकावर अन्याय करतो.

तिसरी पायरी निर्णायक आहे. इग्निशन बंद करून टाकीकडचा कप्लर काढावा आणि इग्निशन चालू करून काटा पाहावा. तो एका टोकाला जायला हवा. मग फ्लोटकडे जाणारी तार टेस्ट लॅम्पमधून क्षणभर चासीला टेकवावी. काटा दुसऱ्या टोकाकडे निघायला हवा. कोणते टोक आधी, हे गाडीगणिक बदलते, पण काटा दोन्हीकडे फिरला म्हणजे मीटर आणि तार दोन्ही निर्दोष ठरतात आणि दोष टाकीत आहे हे पक्के होते. काटा हलला नाही, तर हीच तपासणी मीटरच्या मागच्या टोकावर करावी. तिथे हलला तर मधली तार तुटली आहे. बाजारात रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात, हे कोणाही वायरमनला माहीत आहे. तिथेही हलला नाही, तरच मीटर किंवा त्याचा पुरवठा. ज्या नव्या गाड्यांत मीटर संगणकाच्या जोडणीवर चालतो, तिथे तार अशी टेकवू नये. कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच जावे.

चौथी पायरी मल्टिमीटरची. टाकीत थोडे डिझेल असताना फ्लोटचा रेझिस्टन्स मोजावा, वीस लिटर टाकल्यावर पुन्हा मोजावा. आकडा बदलला नाही, तर फ्लोटला भोक पडून तो बुडाला आहे किंवा दांडी अडकली आहे. आकडा मध्येच तुटत असेल, तर पट्टी झिजली आहे. काटा अर्ध्यापर्यंत नीट येऊन एकदम खाली कोसळतो, त्याचे कारण बहुधा हेच. एवढे झाल्यावर टाकी उघडण्याचा निर्णय घ्यावा, आणि तो घेताना बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, जागा मोकळी, जवळ विडी-सिगारेट नाही आणि आग विझवण्याचे साधन हाताशी, हे चारही पाळावे. गाडी पेट्रोलची असेल तर यात तसूभरही सूट नाही. टाकी उतरवायचा कंटाळा म्हणून हौद्याच्या पत्र्याला वरून ग्राइंडरने भोक पाडणारे लोक आहेत. ठिणगी खाली जाते, हे त्यांना माहीत असते, तरी ते करतात. त्यांना त्या क्षणी थांबवले पाहिजे.

यावर आणखी एक आक्षेप येतो: "एवढे कशाला? बाजारात तसाच दिसणारा फ्लोट मिळतो, टाकून द्या." 'तसाच दिसणारा' या दोन शब्दांत मोठा धोका आहे. सगळ्या फ्लोटचे माप एक नसते. एका प्रचलित मापात रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम असतात. दुसऱ्यात रिकाम्या टाकीला ० आणि भरलेल्या टाकीला ९०. दोघांची दिशाच उलटी. चुकीची जोडी जमवली, तर रिकामी टाकी भरलेली दिसते. स्थानिक कारागिराकडून बनवून बसवलेल्या टाकीची खोली मूळ टाकीपेक्षा वेगळी असेल, तर फ्लोट चांगला असूनही काटा कायम चुकतो. बंद पडलेल्या काट्यावर निदान कोणी विश्वास ठेवत नाही. चुकीचे दाखवणाऱ्या काट्यावर माणूस गाडी सोडतो.

हे भय अतिशयोक्त वाटत असेल त्यांनी ६ ऑगस्ट २००५ची घटना आठवावी. ट्युनिंटर या ट्युनिशियाच्या कंपनीचे एटीआर-७२ जातीचे विमान इटलीतल्या बारीहून जेर्बाला निघाले होते. आदल्या दिवशी त्याचा इंधनमापक बदलला होता आणि त्या जागी बसवला होता एटीआर-४२ या लहान विमानाचा, तसाच दिसणारा मापक. तो टाकीत नसलेले इंधन दाखवत राहिला. सिसिलीजवळ दोन्ही इंजिने बंद पडली आणि विमान समुद्रात उतरवावे लागले. विमानातल्या ३९ जणांपैकी १६ जण मृत्युमुखी पडले. पिकअप आकाशात उडत नाही, हे खरे. पण चूक तीच आहे: जागेवर बसतो म्हणून चालेल, असे मानणे.

आणि "काटा नको, दांडी घालून डिझेल मोजू" म्हणणाऱ्यांसाठी २३ जुलै १९८३ची घटना. एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाची इंधन दाखवणारी यंत्रणा बिघडलेली होती, म्हणून कर्मचाऱ्यांनी टाकीतली पातळी हाताने मोजली. मोजणी बरोबर होती, पण लिटरचे वजन काढताना किलोऐवजी पौंडांचा गुणक वापरला गेला. आवश्यक इंधनाच्या निम्म्याहूनही कमी घेऊन विमान निघाले आणि ४१ हजार फुटांवर इंधन संपले. वैमानिकांनी ते तरंगत आणून गिम्ली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवले. ६९ जण वाचले ते त्यांच्या कौशल्यामुळे. दांडीने मोजणे वाईट नाही. मात्र दांडीवरच्या प्रत्येक खुणेला किती लिटर, हे त्याच टाकीत मापाने डिझेल ओतून ठरवलेले असावे लागते. तेवढा खटाटोप करणारा माणूस त्याच वेळात काट्याचे अर्थिंग तपासू शकला असता.

शेवटी राहतो तो सुशिक्षितांचा सल्ला: "इतकी जुनी गाडी ठेवायचीच कशाला? भंगारात काढा." आठ वर्षे उलटलेल्या व्यावसायिक वाहनाला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. ब्रेक, दिवे, सुकाणू, धूर यांत जी गाडी उत्तीर्ण होत नाही, ती रस्त्यावर नसावी, याबद्दल वाद नाही. पण जी गाडी या सगळ्यांत नीट आहे आणि केवळ गंजलेल्या बोल्टामुळे जिचा काटा पडला आहे, तिला भंगार ठरवणे म्हणजे त्या गाडीवर जगणाऱ्या घराला कर्जात ढकलणे होय. नव्या पिकअपचे हप्ते कित्येक लाखांच्या कर्जाचे असतात. गंजलेले अर्थिंग काही रुपयांत सुटते. जुन्या गाडीचे वय हे तिच्या दोषाचे कारण सांगते. दोष तसाच ठेवायला ते कारण पुरत नाही.

"वेळ कुठे आहे?" हा प्रश्न मात्र मी गंभीरपणे घेतो, कारण तो विचारणारा खोटे बोलत नाही. रात्रभर चालवून सकाळी माल उतरवणाऱ्याला विश्रांतीला वेळ नसतो, गॅरेजला कुठून असणार? पण वर सांगितलेल्या पहिल्या तीन पायऱ्यांना टाकी उतरवावी लागत नाही. गाडी बाजारात माल उतरवण्यासाठी उभी असते, तेवढा वेळ एका कुशल वायरमनला पुरतो. म्हणून जबाबदारी ड्रायव्हरवर ढकलू नये. ती मालकाने घ्यावी, कारण गाडीचे उत्पन्न त्याच्याकडे जाते. पैसे देण्याआधी "तुम्ही काय तपासले?" हे मालकाने विचारावे, आणि "फ्लोट गेला" एवढ्यावर समाधान मानू नये. गॅरेजवाल्याने मीटर, तार आणि फ्लोट यांतला कोणता भाग तपासून निर्दोष ठरला, हे बिलावर लिहून द्यावे. आयटीआयमध्ये मोटारीचे काम शिकणाऱ्या मुलांना सुटा भाग बदलायला शिकवण्याआधी दोष शोधायला शिकवावे. इंधनाच्या काट्याइतका चांगला पहिला धडा मिळणार नाही, कारण सारी साखळी डोळ्यांसमोर असते आणि उत्तर लगेच मिळते.

आणि ज्या गाडीचा काटा चालत नाही, ती लांबच्या फेरीला न्यायला ड्रायव्हरने नकार दिला, तर त्याला आळशी म्हणू नये आणि त्याचा पगार कापू नये. तो आपला जीव, मालकाचे इंजिन आणि मागून येणाऱ्यांची सुरक्षितता सांभाळत असतो. त्याला किल्ली देण्याआधी टाकीत किती डिझेल आहे हे काट्यावर दाखवता आले पाहिजे. जो मालक हे दाखवू शकत नाही, त्याने आधी गाडी दुरुस्त करावी आणि मग भाडे घ्यावे.